रिकाम्या मोज्याचा होकार

“जीबीएस,” डॉक्टर म्हणाले. “पूर्ण नाव गिया-बारे सिंड्रोम. शरीराची स्वतःचीच संरक्षक फौज चुकून नसांवर उलटते. वायरवरचं प्लॅस्टिक सोलून निघावं, तसं नसांवरचं आवरण निघून जातं. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही. तुम्ही इलेक्ट्रॉनिक्स शिकवता ना? मग लगेच समजेल तुम्हाला.”

मला लगेच समजलं, आणि तिथेच घात झाला. त्या क्षणापासून मी माझ्या बायकोकडे वायरिंग म्हणून बघायला लागलो.

ही हकिगत मी पूर्वी एकदा सांगितली आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती आमच्याकडच्या एका दैनिकात फोटोसकट छापून आली. ‘मुक्या पत्नीला वाचा देणारा हातमोजा’ असा मथळा होता. त्या मोज्याला जिल्ह्याच्या प्रदर्शनात ढाल मिळाली. अजूनही लग्नाकार्यात कुणी ना कुणी म्हणतं, “मोजावाले सर ना तुम्ही?”

तेव्हा छापलं गेलं ते खोटं होतं. मी आज ऐंशीच्या पुढे आहे. ‘एवढ्या वर्षांनी कशाला उकरून काढता?’ असं घरातल्याच काहींनी विचारलं. उकरून काढतो, कारण पुरलं मीच होतं. ज्यांच्या घरात माणूस अंथरुणाला खिळलं आहे, बोलू शकत नाही, आणि त्याच्या अंगाला एखादं यंत्र लावलेलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. बाकीच्यांना वाईट वाटलं तर वाटू दे.

आम्ही अमळनेरला राहायचो. मी रोज एसटीने धुळ्याला जाऊन तिथल्या तांत्रिक शाळेत रेडिओ-टीव्हीचा विषय शिकवायचो. लीला, माझी बायको, एका संस्थेच्या प्राथमिक शाळेत पहिलीचा वर्ग घ्यायची. वीस वर्षं पहिलीच. तिला वरचा वर्ग देऊ केला की ती म्हणायची, “वरच्या वर्गाला कुणीही शिकवेल.” मुलगी लग्न होऊन सुरतेला होती. घरात आम्ही दोघंच.

मार्चमध्ये लीलाला दोन दिवस जुलाब झाले आणि थांबले. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी शाळेच्या पायऱ्यांवर तिच्या पायातली चप्पल निसटून मागे राहिली आणि तिला कळलंच नाही. “बाई, तुमची चप्पल!” म्हणत पोरी धावत आल्या. दुसऱ्या दिवशी हातातून खडू गळाला. तिसऱ्या दिवशी मोरीतून उठता येईना.

आमच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली. पाय जागचा हलला नाही. त्यांनी पुन्हा मारली, आणि स्वतः बाहेर जाऊन जीप बोलावली.

धुळ्याच्या मोठ्या रुग्णालयात लंबर पंक्चर झालं. म्हणजे कमरेच्या मणक्यातून सुईने पाणी काढून तपासतात. लोक या तपासणीला फार घाबरतात. घाबरू नका, त्याने कुणी लुळं होत नाही. लुळेपण आधीच आलेलं असतं, तपासणी फक्त त्याचं नाव सांगते.

नाव कळलं त्या दिवशी लीला मान हलवत होती, बोलत होती. चौथ्या दिवशी तिचा आवाज नाकातून यायला लागला. पाचव्या दिवशी श्वास पुरेना. छातीचे स्नायूही या आजारात थकतात. तिला व्हेंटिलेटरवर, म्हणजे श्वास देणाऱ्या यंत्रावर ठेवलं. पुढे गळ्याला भोक पाडून नळी बसवली, तिला ट्रेकिऑस्टॉमी म्हणतात. श्वास नळीतूनच ये-जा करतो, स्वरयंत्राकडे हवा जात नाही, म्हणून माणूस बोलू शकत नाही.

चेहऱ्याचे स्नायूही गेले होते. पापण्या मिटेनात, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून त्यांवर चिकटपट्टी लावायचे. दुपारी तासभर ती काढायचे. त्या तासात तिची नजर माझ्यावर खिळलेली असायची.

“त्यांना सगळं ऐकू येतंय,” डॉक्टर मला बजावायचे. “बुद्धीला काहीही झालेलं नाही. आणि बहुतेक रुग्ण यातून उठतात. महिने लागतील, पण उठतात. तुम्ही बोलत राहा.”

मी मान डोलवायचो, पण माझा विश्वास नव्हता. हे आज पहिल्यांदा लिहितो आहे. ती उठेल यावर माझा अजिबात विश्वास नव्हता.

वॉर्डात भिकाबाई नावाची आया होती. शिरपूरकडच्या खेड्यातली, अहिराणी बोलणारी. ती लीलाची कूस बदलताना तिच्याशी अखंड गप्पा मारायची. सून, म्हैस, भाव, भांडणं, सगळं सांगायची. मी एकदा म्हटलं, “भिकाबाई, तिला काय कळणार?”

“तिले बठ्ठं समजस, भाऊ,” ती म्हणाली. “डोया दखा तिना. तुमलेच समजत नही.” बठ्ठं म्हणजे सगळं.

एप्रिलच्या शेवटी लीलाच्या उजव्या हाताच्या बोटांत हालचाल दिसली. तर्जनी जरा वाकायची, मधलं बोट कष्टाने थरथरायचं. मी हरखून गेलो आणि कामाला लागलो.

धुळ्यात बँडवाल्यांच्या दुकानातून मी वाजंत्री घालतात तसला पांढरा सुती हातमोजा आणला. तर्जनीच्या आणि मधल्या बोटाच्या टोकांवर पितळेच्या पट्ट्या शिवल्या. अंगठ्यावर एक पट्टी. तर्जनी अंगठ्याला टेकली की हिरवा दिवा, म्हणजे हो. मधलं बोट टेकलं की लाल दिवा, म्हणजे नाही. दिव्यांची पेटी टेबलावर, वीज बॅटरीची.

पण तिची बोटं अंगठ्यापर्यंत पोचेनात. मग मी सर्किट तिखट केलं. एकामागे एक दोन ट्रान्झिस्टर जोडले, म्हणजे बोट नुसतं जवळ आलं, कापडातून पुसटसा प्रवाह गेला, तरी दिवा लागावा. हा सगळा खटाटोप मी माझ्या हातावर तपासला. माझ्या कोरड्या, धडधाकट हातावर, शाळेच्या प्रयोगशाळेत, पंख्याखाली बसून.

पहिल्या दिवशी मी विचारलं, “लीला, पंखा वाढवू?” हिरवा दिवा लागला. मी भिंतीकडे तोंड करून रडलो. ते रडणं खरं होतं, आणि तो होकारही खरा असावा.

वॉर्ड बघायला लोटला. शेजारच्या खाटांचे नातेवाईक, विद्यार्थी, परिचारिका. “सर, अजून एक प्रश्न विचारा ना!” मग मी विचारायचो. तुझं माहेर पारोळ्याचं ना? हिरवा. मी तुझा नवरा ना? हिरवा, आणि हशा. दोन दिवसांनी वार्ताहर आला.

तिथले एक तरुण निवासी डॉक्टर तेवढे बाजूला उभे राहून बघत होते. सगळे गेल्यावर म्हणाले, “काका, छान आहे. पण ज्याचं उत्तर ‘नाही’ असायला हवं, असाही एखादा प्रश्न विचारून बघा. तुम्ही फक्त हो येईल असेच विचारताय.”

“सर्किट मी बनवलंय, डॉक्टरसाहेब,” मी म्हणालो.

मे महिना होता. खानदेशातला मे काय असतो हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. दुपारी खाटेची लोखंडी दांडी हाताला चटका द्यायची. चौथ्या-पाचव्या दिवशीच माझ्या लक्षात आलं, की मोजा पंधरा-वीस मिनिटं ठीक चालतो, मग हिरवा दिवा मधूनच लुकलुकतो. आत घाम येतो, सुती कापड तो पितं, आणि खारट पाण्यातून वीज मजेत जाते. जे मी विद्यार्थ्यांना शिकवायचो, तेच माझ्यासमोर घडत होतं. मी मोजा वाळवायचो आणि गप्प राहायचो. वार्ताहराचा लेख रविवारी येणार होता.

त्याच दिवसांत लीलाच्या जिभेत जोर परत येऊ लागला होता. नळीमुळे आवाज नव्हता, पण टाळूला जीभ लावून ती ‘च्यक्’ असा आवाज काढायची. आपल्याकडे लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे नकार याच आवाजाने देतात. भाकरी वाढू? च्यक्. येतोस का बाजारात? च्यक्. मान हलवायचीही गरज पडत नाही. जन्मभर ऐकलेला आवाज. पण हॉस्पिटलमध्ये माणसाचा आवाज हा कफाचा आवाज होतो. ‘च्यक्’ ऐकलं की मी परिचारिकेला हाक मारायचो, “सिस्टर, सक्शन!” सक्शन म्हणजे गळ्यातल्या नळीत बारीक नळी घालून कफ ओढून घेतात. त्या वेळी रुग्णाचा जीव गुदमरतो, डोळ्यांतून पाणी येतं.

विचार करा. ती नाही म्हणायची, आणि आम्ही तिच्या गळ्यात नळी घालायचो.

मग संस्थेचं पत्र आलं. रजा संपत आली आहे. जूनमध्ये बाई हजर होणार का? नसल्यास प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा द्यावा, म्हणजे पहिलीच्या वर्गाला शिक्षिका नेमता येईल. पत्र सभ्य होतं. वाढीव रजेचा अर्जही करता आला असता, तसं पत्रात शेवटी लिहिलं होतं.

माझे थोरले भाऊ, नाना, पत्र वाचून म्हणाले, “दे टाक राजीनामा. तू कितला दिन शाळा आन् दवाखाना करशी? ती उठनी तरी पोरेंसमोर उभी राही का आते?” नाना रोज अमळनेरहून डबा घेऊन येत. त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. दमलेली माणसं असं बोलतात. मीही दमलो होतो. एक प्रश्न संपवावा, एक कागद मिटावा, असं मला झालं होतं. लीलाला विचारल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही, एवढी लाज मात्र होती. आणि विचारायला माझं यंत्र होतं.

दुपारची वेळ. वीज गेली होती, पंखा बंद. व्हेंटिलेटर रुग्णालयाच्या जनरेटरवर चालू होता. मोजा तिच्या हातात सकाळपासून होता, कारण कुणीतरी पाहुणे तो बघायला येऊन गेले होते. नाना कागद घेऊन उभे होते. ते निवासी डॉक्टर साक्षीला. भिकाबाई उशाशी टॉवेलने वारा घालत होती.

“लीला,” मी म्हणालो, “शाळेचं पत्र आलंय. राजीनामा द्यायचा का?”

हिरवा दिवा लागला. मी प्रश्न संपवायच्या आधी तो लागलेला होता की नंतर लागला, हे मी बघितलं नाही. मला बघायचं नव्हतं.

“च्यक्,” लीला म्हणाली.

“सिस्टर!” मी हाक मारली.

“च्यक्.”

भिकाबाईचा टॉवेल थांबला. “भाऊ, बाई नही म्हनी ऱ्हायनी,” ती म्हणाली. “जीभ वाजाडी ऱ्हायनी, ऐका ना.”

“दिवा हो दाखवतोय, भिकाबाई.”

“दिवाले काय समजस? तोंड तिनं शे.”

“तुम्ही वारा घाला,” मी म्हणालो.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. “काका, तुमची खात्री आहे?”

“शंभर टक्के.”

लीलाने तिसऱ्यांदा जीभ वाजवली. तोवर सिस्टर सक्शनची नळी घेऊन आल्या होत्या. सक्शन झालं. तिचे डोळे पुसले. मोज्यातून तिचा अंगठा बाहेर काढून नानांनी तो शाईच्या पॅडवर दाबला, मग कागदावर. डॉक्टरांनी लिहिलं, ‘संमती माझ्यासमक्ष दर्शवली.’ त्यांना दोष नाही. शब्द माझा होता.

नाना कागद घेऊन बसस्टँडवर गेले. तासाभराने मी मोजा उतरवला. तो पिळला तर पाणी निघेल एवढा ओला होता. मी तो स्टुलावर ठेवला आणि पेटी बंद करायला वळलो.

हिरवा दिवा लागलेला होता.

मोज्यात हात नव्हता. रिकामा मोजा स्टुलावर पडून ‘हो’ म्हणत होता.

मी धावत बसस्टँड गाठू शकलो असतो. अमळनेरची गाडी अजून लागायची होती. मी बॅटरीची वायर काढली, मोजा उशाशी वाळत घातला आणि बसून राहिलो. लीलाच्या डोळ्यांवर तोवर पट्टी लावली होती. भिकाबाई दारात उभी होती. तिने दिवा पाहिला होता की नाही मला माहीत नाही. ती मला काही बोलली नाही, पुढेही कधी बोलली नाही. लीलाशी मात्र बोलत राहिली.

रविवारी लेख आला.

जुलैत लीला व्हेंटिलेटरवरून निघाली. आधी दिवसातून अर्धा तास स्वतः श्वास, मग एक तास, मग दुपारभर. याला वीनिंग म्हणतात, तान्ह्या पोराचं दूध तोडावं तसं यंत्र तोडायचं. हा काळ फार चिकाटीचा असतो. रुग्ण घाबरतो, आपण त्याहून जास्त घाबरतो. ऑगस्टमध्ये गळ्याची नळी काढली. भोकावर बोट दाबून तिने पहिला शब्द काढला. आवाज घोगरा, पुरुषी.

“शाळा?”

मी सांगितलं.

“मी नाही म्हटलं होतं,” ती म्हणाली. “तीनदा.”

“हिरवा दिवा लागला होता, लीला. तू शुद्धीत नव्हतीस.”

“मी शुद्धीत होते. अंगात निळा शर्ट होता तुमच्या. नाना दाराकडे उभे होते. वीज गेली होती. अजून सांगू?”

मी औषधं आणायला बाहेर गेलो.

त्यानंतर तिने जे केलं ते मी जवळून पाहिलं आहे. फिजिओथेरपी म्हणजे व्यायामाने स्नायूंना पुन्हा शिकवणं. खाटेवर बसणं शिकायला तिला महिना लागला, वॉकर धरून उभं राहायला दोन. पडली की मला हात लावू द्यायची नाही. “सरका,” म्हणायची. दिवाळीनंतर ती वॉकर घेऊन आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत गेली. संक्रांतीला काठीवर. तिळगूळ वाटायला आलेल्या शाळेतल्या पोरी दारात उभ्या राहून बघत होत्या. “बाई, तुम्ही येणार ना आता?” एकीने विचारलं. “येणार,” लीला म्हणाली.

तिने डॉक्टरी तपासणी करून कामास योग्य असल्याचा दाखला मिळवला. संस्थेकडे अर्ज केला: राजीनाम्यास माझी संमती नव्हती, सबब तो रद्द समजावा. संस्थेने जळगावला आपल्या कार्यालयात बोलावलं. तीन जणांची समिती होती. काठी टेकत ती जिना चढली. वरच्या मजल्यावर कार्यालय होतं, सत्तावीस पायऱ्या. मागे मी.

अध्यक्ष भला माणूस होता. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, “बाई, तुमच्या जागी नेमणूक झाली आहे. पण संमती खोटी होती असं ठरलं, तर तुमचा हक्क पहिला. नव्या बाईंना आम्ही दुसऱ्या शाळेत घेऊ.” मग तो माझ्याकडे वळला. त्याच्या टेबलावर त्या रविवारच्या लेखाचं कात्रण होतं. “सर, तुम्ही या विषयातले तज्ज्ञ. एकच सांगा. त्या दिवशी यंत्र बरोबर चालत होतं ना?”

जिल्ह्याचं प्रदर्शन तीन आठवड्यांवर होतं, मोजा त्यात जायचा होता. माझ्या शाळेचे प्राचार्य सगळीकडे सांगत फिरत होते. आणि समजा मी नाही म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता: मग अंगठा का घेतलात?

लीला माझ्याकडे बघत नव्हती. खिडकीबाहेर बघत होती.

“यंत्र बरोबर होतं,” मी म्हणालो.

मी तेवढंच बोललो. तिची नोकरी राजीनाम्याच्या कागदाने गेली नाही. कागद फाडता आला असता. ती माझ्या या तीन शब्दांनी गेली.

परतताना सुरतेकडची पॅसेंजर होती. गाडीत तिने डबा उघडला, मला भाकरी दिली, स्वतः खाल्ली. धरणगाव गेल्यावर म्हणाली, “तुमचा मोजा कसा होता सांगू का? तो मी घातला होता, तुम्ही नाही.”

मी म्हटलं, सांग.

“आत भाजायचं. मनगटाला लावलेली पट्टी बांगड्यांवरून आवळायची, फुटलेल्या काकणाचा चुरा रुतायचा. तुम्हाला दिसायचं नाही, कारण तुम्ही पेटीकडे बघायचात. आणि दुसरं. माझी तर्जनी हलायची, मधलं बोट नुसतं थरथरायचं, वाकायचं नाही. तुम्ही ‘हो’ हलणाऱ्या बोटाला दिलंत. ‘नाही’ मेलेल्या बोटाला. मला त्यात नाही म्हणताच येत नव्हतं.”

मी ट्रान्झिस्टरचा विचार केला होता, बॅटरीचा, दिव्याच्या रंगाचा. आजारी माणसाला आधी ‘नाही’ लागतं, हा विचार मला शिवलाच नव्हता. ‘हो’ न बोलताही होतंच असतं. सुई टोचली जाते, कूस बदलली जाते, अंगठा दाबला जातो. त्या सगळ्याला होकार कुणी मागत नाही. थांबवायचं असेल तेव्हाच माणसाला आवाज हवा.

ढाल मिळाली तेव्हा ती समारंभाला आली नाही.

त्यानंतर दर वर्षी शाळा उघडायच्या दिवशी तिने संस्थेला एक अर्ज पाठवला. मजकूर तोच. ‘मी संमती दिली नव्हती. मला कामावर घ्यावे.’ खाली सही. अक्षर पहिल्या वर्षी वाकडं, मग सरळ होत गेलेलं. उत्तर कधी आलं, कधी आलं नाही. निवृत्तीचं वय होईपर्यंत एकही जून चुकला नाही. बाकी दिवस ती आमच्या ओसरीत पहिलीत न टिकणारी पोरं जमवून बाराखडी घ्यायची. मला वाटलं होतं, दोन-तीन वर्षांत ती अर्ज सोडून देईल. नाना तर म्हणायचे, “तिले आते काय भेटी यामां?” ती नानांना म्हणाली, “भाऊजी, भेटायसाठी नाही पाठवत. त्यांच्या दप्तरात माझं नाही असलं पाहिजे. तुमचं हो आहेच तिथे.”

मी सर्व वर्षं ते अर्ज पोस्टात टाकून यायचो. आत माझं एक ओळीचं पत्र घालायचं धाडस मला एकदाही झालं नाही.

आता तुमच्यासाठी, ज्यांच्या घरी हे चालू आहे.

यंत्राला शिव्या देऊ नका. मी हयातभर यंत्रं शिकवली, आजही माझा त्यांच्यावर जीव आहे. आता तर मनगटावरच्या घड्याळात नाडी मोजली जाते, बोटाला चिमटा लावला की रक्तातला प्राणवायू कळतो. लावा. पण अंगावर लावायची कुठलीही वस्तू आधी स्वतः घाला, भर मेच्या दुपारी, तीन तास, न हलता. मग ती आजारी माणसाला घाला. घामात, चिकटपट्टीखाली, सुजलेल्या हातावर ती काय सांगते ते बघा. ती रिकामी असताना काय सांगते तेही बघा.

प्रश्न उलटाही विचारा. ‘राजीनामा द्यायचा का’ विचारलंत, तर ‘नोकरी ठेवायची का’ हेही विचारा. दोन्हींना हो आलं, तर ते उत्तर माणसाचं नाही.

‘नाही’ला सगळ्यात सोपी हालचाल द्या. जे काही हलत असेल, जीभ, भुवई, पायाचा अंगठा, त्यातलं सगळ्यात ताकदीचं ‘नाही’ला.

आणि घरातल्या, वॉर्डातल्या ज्या बाईला मशीन कळत नाही, ती काय म्हणते ते ऐका. भिकाबाई शाळेत गेली नव्हती. त्या खोलीत लीलाशी बोलणारी तेवढी एकच होती, म्हणून लीलाचं उत्तर तिलाच ऐकू आलं. मी यंत्राशी बोलत होतो. मला यंत्राचं उत्तर आलं.

मला ऐकू आलं नव्हतं असं समजू नका. तो माझा शेवटचा आडोसा होता, तोही काढून टाकतो. मी पहिला ‘च्यक्’ ऐकला तेव्हाच मला त्याचा अर्थ कळला होता.

या लेखाची एक प्रत संस्थेलाही पाठवतो आहे. तिथे आता कुणाला काही आठवत नसेल. तरी लीलाच्या अर्जांसोबत ती लावावी, अशी विनंती केली आहे. ढालीबद्दल प्रदर्शन भरवणाऱ्यांनाही लिहिलं आहे. ती परत घ्यायला ते तयार नाहीत, असे नियम नाहीत म्हणतात. ठीक आहे. नियम नसले तरी मी ती त्यांच्या दारात ठेवून येणार आहे.

लिहून झाल्यावर मी हे लीलाला वाचायला दिलं. ती आता काठीशिवाय चालत नाही, पण डोळे शाबूत आहेत. तिने लाल पेन घेतलं, जुन्या सवयीने. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. जिन्याच्या पायऱ्या मी वीस लिहिल्या होत्या, तिने सत्तावीस केल्या. “चढले मी होते,” म्हणाली.

शेवटी मी एक वाक्य लिहिलं होतं: ‘एवढं होऊनही तिने मला केव्हाच क्षमा केली, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.’ त्यावर तिने पेन थांबवलं.

“हे मला विचारलंत कधी?”

“नाही. पण इतकी वर्षं आपण...”

“मग विचारा.”

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली. हात गुडघ्यांवर ठेवले. “लीला,” मी म्हणालो, “तू मला क्षमा केली आहेस का?”

“नाही,” ती म्हणाली. आवाज स्पष्ट होता. मग माझ्याकडे बघून, जरा हसून म्हणाली, “चहा टाका. आणि ते वाक्य काढा.”

वाक्य काढलं आहे.